इस्लापूर मंडळाचा पाऊस, जगाचा हिशेब

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे भोकर आणि हिमायतनगर मागे टाकून नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या डोंगराळ भागात शिरते. त्याच वाटेवर इस्लापूर लागते. जवळच सहस्रकुंडाच्या काळ्या खडकावरून पैनगंगा कोसळते. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भातला उमरखेड तालुका. महसूल खात्याच्या लेखी इस्लापूर हे एक मंडळ आहे, आणि मंडळाला स्वतःचा पाऊस असतो. चोवीस तासांत तो 65 मिलिमीटर पडला तर सरकारदरबारी अतिवृष्टी, 64 पडला तर नुसता पाऊस. शेत दोन्ही दिवशी सारखेच वाहून जाते. पंचनाम्याला येणारा तलाठी मात्र एकाच दिवशी येतो.

या मंडळाचे हिशेब अनेक ठिकाणी लिहिले जातात. पाऊस महसूल आणि कृषी खात्याकडे, साग वन खात्याकडे, नदीचे पाणी पाटबंधाऱ्याकडे, पंपाची वीज महावितरणकडे, पीककर्ज बँकेकडे. कापसाचा भाव ठरतो तो तर परदेशातल्या बाजारात. प्रत्येक वही आपापल्या जागी चोख असते. जुलैत पाऊस खंडला म्हणजे वीज किती ओढली जाईल, वीज ओढली गेली म्हणजे विहिरी कधी तळ गाठतील, विहिरी आटल्या म्हणजे पुढच्या वर्षी कापूस लावला जाईल की सोयाबीन, आणि तेवढ्यात सरकारने सौर पंप वाटले तर यातले काय बदलेल, हे मात्र कोणत्याच वहीत नसते. या वह्या एकत्र शिवण्याचा उद्योग म्हणजे हवामानबदलाचे परिणाम आणि धोरणे यांचे एकात्मिक प्रतिमान. विषयाचे नाव जड आहे, काम ओळखीचे आहे. त्या कामात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना.

ओळखीचे म्हणण्याला आधार आहे. आपल्याकडे पैसेवारी नावाची जुनी पद्धत आहे. गावाच्या शिवारात पीक किती आले याचा अंदाज घ्यायचा, तो चांगल्या वर्षाच्या पिकाशी ताडून रुपयातल्या पैशांत मांडायचा, आणि आकडा 50 पैशांच्या खाली गेला की टंचाईच्या सवलती लागू करायच्या. पाऊस, पीक, माणसाची ऐपत आणि सरकारचे उत्तर या चार गोष्टी एका आकड्यात बसवण्याचा हा प्रयत्न होता. तो सदोष होता. गावोगावच्या पैसेवारीवरून भांडणे झाली, नजरअंदाज पैसेवारी एक आणि अंतिम पैसेवारी दुसरी असेही घडले. केंद्राने 2016 मध्ये दुष्काळाची नवी संहिता काढली आणि पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई असे निर्देशांक आले. 2018 च्या ऑक्टोबरअखेर महाराष्ट्राने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या मोजपट्टीने. मोजपट्टी बदलली की दुष्काळाचा नकाशा बदलतो. या विद्याशाखेतला पहिला धडा इथेच आहे, आणि तो कुठल्याही समीकरणाआधी शिकण्यासारखा आहे.

जगात या शाखेचा उगम शोधायचा तर 1972 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमधील एका गटाने ‘द लिमिट्स टु ग्रोथ’ हे पुस्तक काढले. लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण आणि खनिजे यांना एका संगणकी साखळीत गुंफण्याचा तो पहिला गाजलेला प्रयत्न. तेच वर्ष महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचे म्हणून कोरलेले आहे. खडी फोडण्याच्या कामांवर लाखो माणसे आली आणि त्या अनुभवातून 1977 चा रोजगार हमी कायदा झाला. बोस्टनजवळ बसून जगाच्या मर्यादा मोजणारे आणि इथे मस्टरवर अंगठे घेणारे एकमेकांना ओळखत नव्हते. प्रश्न मात्र एकच होता: निसर्गाने हात आखडला तर समाजाची व्यवस्था काय करते? पुढे ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्गच्या आयआयएएसए संस्थेने आम्लपावसाचे एक प्रतिमान तयार केले. ते युरोपातल्या देशांनी वाटाघाटींच्या टेबलावर ठेवले आणि 1994 चा गंधक-करार त्यावर बेतला. प्रतिमानाने धोरण हलवल्याचे ते ठळक उदाहरण. त्याच सुमारास विल्यम नॉर्डहाउस यांनी हवामान आणि अर्थव्यवस्था यांना जोडणारे ‘डाइस’ मांडले; 2018 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात प्रियदर्शी शुक्ल यांनी अहमदाबादच्या आयआयएममध्ये जपानी सहकाऱ्यांबरोबर आशियासाठी अशी प्रतिमाने घडवली. इतिहास इतका पुरे. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल, आणि खरी गंमत प्रतिमानाच्या पोटात आहे.

साखळी साधी दिसते. माणसे, त्यांचे उत्पन्न, त्या उत्पन्नाला लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतला कार्बन यांचा गुणाकार म्हणजे उत्सर्जन. उत्सर्जनाने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. उद्योगपूर्व काळी तो दहा लाखांत सुमारे 280 भाग होता, आता 420 च्या पुढे गेला आहे. त्याने तापमान चढते, तापमानाने पाऊस बदलतो, पावसाने पीक, पिकाने उत्पन्न आणि उत्पन्नाने पुन्हा ऊर्जा. साखळी वर्तुळ पूर्ण करते. अडचण प्रत्येक कडीच्या सांध्यात आहे.

तापमान आणि पाऊस हा सांधा घ्या. जागतिक हवामान प्रतिमानांत पृथ्वीचे चौकोनी तुकडे केलेले असतात आणि एक तुकडा साधारण शंभर किलोमीटर लांब-रुंद असतो. नांदेड जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक चौकोन. जिल्ह्याच्या दोन टोकांची देगलूर आणि माहूर एकाच पावसात भिजतात असे अशा चौकोनाने मानले तर जिल्ह्यातला शेंबडा पोरही हसेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पृथ्वी-प्रणालीचे स्वतंत्र भारतीय प्रतिमान उभारले आणि तिथल्याच शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2020 मध्ये भारतीय हवामानबदलाचा आढावा निघाला. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशाने वाढले, 1951 ते 2015 दरम्यान मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना मात्र 1950 ते 2015 या काळात सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी, तरी एकदम कोसळणारा जास्त. पावसाची वार्षिक सरासरी घेऊन चालणाऱ्या प्रतिमानाला ही गोष्ट दिसतच नाही. त्याच्या लेखी वर्ष ठीक गेले. शेतकऱ्याच्या लेखी ऑगस्ट कोरडा गेला आणि सप्टेंबरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले.

पाऊस आणि पीक या सांध्यात माती येते. किनवट भागात डोंगराच्या उतारावर मुरमाड, बरड रान आहे आणि ओढ्याकाठी भारी काळी. 2023 चा ऑगस्ट मराठवाड्यात कोरडा गेला तेव्हा पावसाच्या 21 दिवसांच्या खंडाचा निकष लावून पीकविम्याची 25 टक्के आगाऊ रक्कम देण्याचे आदेश निघाले. भारी जमिनीत 21 दिवस कसेबसे निघतात. बरडावरची कपाशी त्याच्या किती तरी आधी माना टाकते. एकाच मंडळात, एकाच पर्जन्यमापकाखाली, दोन वेगळी हवामाने नांदतात. चांगले प्रतिमान तापमानाचे दशांश घोटत बसण्याआधी मातीची खोली विचारते.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’, याकडे मी अभ्यासक म्हणून आदराने पाहतो ते यासाठी. जागतिक बँकेच्या कर्जावर 2018 पासून मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या पाच हजारांहून अधिक गावांत तो राबवला गेला. आयआयटी मुंबईने त्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढणारे साधन तयार केले: किती पाऊस पडला, किती वाहून गेला, किती मातीत राहिला, किती जमिनीखाली मुरला, पिकाला किती लागला. शिवारातल्या उताराचा आणि मातीचा विचार करून निघालेला हा आकडा ग्रामसभेत मांडता येतो. त्याआधी 2014 मध्ये टेरी ही संशोधन संस्था आणि ब्रिटनचे हवामान खाते यांनी महाराष्ट्रासाठी अनुकूलनाचा अहवाल केला होता. त्यात सर्वाधिक असुरक्षित जिल्हा नंदुरबार ठरला. दोन्ही कामे उपयोगाची, पण दोन्ही अर्धी आहेत. अहवालात जिल्हा आहे, शिवार नाही. ताळेबंदात शिवार आहे, बाजारभाव नाही. या दोघांची गाठ घालणारे काम मराठी मुलखात अजून व्हायचे आहे आणि ते करणारा तरुण अभ्यासक बहुधा या पानाचा वाचक असेल, अशी आशा मी धरतो.

आता धोरणाचा सांधा. सौर कृषिपंप घ्या. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावरची. शेतकऱ्याला ती अनेकदा मिळते रात्री-बेरात्री, आणि अंधारात विंचू-काट्यातून मोटार सुरू करायला जाणे काय असते हे वेगळे सांगायला नको. सौर पंपाने कोळसा वाचतो, दिवसा पाणी मिळते, बिल येत नाही. उत्सर्जनाच्या वहीत ही निखळ जमा. पण पंप एकदा बसला की पुढचे प्रत्येक लिटर पाणी फुकट. फुकट पाणी थांबवायला काय उरते? विहिरीचा तळ. भूजलाच्या वहीत तीच योजना नावे पडू शकते. जिथे झरे चांगले आणि पिके कमी पाण्याची तिथे ती जमाच राहील. जिथे शेततळ्यात प्लास्टिक अंथरून ते विहिरीच्या पाण्याने भरण्याची पद्धत पडली आहे तिथे नुकसान शेजाऱ्याच्या विहिरीत दिसेल. ऊर्जेचे प्रतिमान वेगळे आणि भूजलाचे वेगळे चालवले तर दोन्हीकडून उत्तरे बरोबर येतात आणि निर्णय चुकतो.

दुसरे उदाहरण लातूरचे, आणि ते अधिक बोचरे आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर होते. त्याआधीच्या वर्षी परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. आणि याच मांजरा खोऱ्यात ऊस उभा असतो, साखर कारखाने असतात, आणि उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून देशाचे उत्सर्जन व तेलाची आयात कमी करायचे राष्ट्रीय धोरणही असते. दिल्लीतून पाहिले तर इथेनॉल हा हवामानावरचा उपाय. धनेगावच्या मांजरा धरणातून पाहिले तर तो हवामानाचा धोका वाढवणारा ग्राहक. 2023 मध्ये पाऊस ओढला, उसाचे उत्पादन घटेल अशी धास्ती बसली, आणि डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या ढगांनी देशाच्या इंधन धोरणाला लगाम घातला. हा दुवा ज्या प्रतिमानात नाही त्याने इथेनॉलच्या फायद्याचे आकडे सांगू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शाखेतला सर्वांत कडवा वाद मात्र एका टक्केवारीवरून झाला. भविष्यातले नुकसान आजच्या रुपयांत मोजायचे तर त्यातून वटाव कापावा लागतो. किती कापायचा? ब्रिटनच्या सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी 2006 मध्ये अहवाल केला, त्यात हा दर सुमारे 1.4 टक्के धरला होता. नॉर्डहाउस यांचा दर 4 ते 5 टक्क्यांच्या घरात. फरक किरकोळ वाटतो. करून पाहा: शंभर वर्षांनंतर होणारे 100 रुपयांचे नुकसान 1.4 टक्क्यांनी आज 25 रुपयांचे ठरते, 5 टक्क्यांनी 76 पैशांचे. एका हिशेबाने ताबडतोब हात-पाय हलवणे शहाणपणाचे, दुसऱ्याने सावकाश चालले तरी चालेल. दोन्ही विद्वानांची समीकरणे बिनचूक होती. भांडण गणिताचे नव्हतेच. नातवंडांचे आपण काय देणे लागतो याचे होते.

माझा त्यात एक स्थानिक पुरवणी मुद्दा आहे. खेड्यात बँकेचे दार बंद झाले की माणूस खासगी सावकाराकडे शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलतो. वर्षाला 36 टक्के. या दराने दहा वर्षांनंतरचे 100 रुपये आज पावणेपाच रुपयांनाही महाग. अशा माणसाला बांधावर झाडे लाव, दहा वर्षांनी फळ येईल, मातीचा कर्ब वाढेल, असे सांगणारी योजना त्याच्या हिशेबाने तोट्याचीच असते. तो अडाणी किंवा अदूरदर्शी म्हणून नकार देत नाही. त्याचे व्याज त्याला नकार द्यायला लावते. प्रतिमानात सगळ्या समाजाला एकच वटाव लावला की हा माणूस त्यातून गळतो. पीककर्ज वेळेवर मिळणे हे हवामान धोरण आहे, हा निष्कर्ष या एका आकड्यातून निघतो. हवामान परिषदांच्या ठरावांत तो मला फारसा वाचायला मिळालेला नाही.

गळणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. किनवट-माहूरच्या खाली पैनगंगेवर निम्न पैनगंगा प्रकल्पाला 1997 मध्ये मंजुरी मिळाली. महाराष्ट्र आणि शेजारचे राज्य (तेव्हा आंध्र प्रदेश, आता तेलंगणा) यांचा हा संयुक्त प्रकल्प. सिंचनाखाली येणारी जमीन हेक्टरांत मोजता येते, म्हणून ती लाभाच्या रकान्यात ठळक बसते. नदीकाठच्या बुडणाऱ्या गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांच्या जमिनीचा दर सरकारी रेडी रेकनरमध्ये सापडेल. मोहफुले आणि तेंदूपाने वेचून निघणारे उन्हाळ्याचे दोन महिने, गोंड-कोलामांची देवस्थाने, पुनर्वसनानंतर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाण्याची वेळ, यांना रकानाच नाही. ज्याला किंमत नाही त्याची किंमत शून्य धरली जाते, आणि शून्य हा फार मोठा आकडा आहे. अशा गोष्टींना ओढूनताणून रुपये लावावेत असे मी म्हणत नाही. लाभ-हानीच्या बेरजेशेजारी, बेरीज न करता, त्या लिहून ठेवाव्यात. निर्णय घेणाऱ्याला त्या ओलांडून जाताना दिसल्या पाहिजेत.

टीकाकारांनी तर या विद्येचा पायाच खोटा ठरवला आहे. रॉबर्ट पिंडाइक यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने 2013 मध्ये लिहिले की, तापमानवाढीने होणारे आर्थिक नुकसान ज्या सूत्राने काढतात त्याला ना सिद्धांताचा आधार आहे ना निरीक्षणाचा. मार्टिन वाइट्झमन यांनी दाखवले की, सरासरी नुकसानापेक्षा दुर्मीळ पण प्रचंड आपत्तीची शक्यताच निर्णायक असू शकते. दोन्ही आक्षेप मला बव्हंशी मान्य आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावे पाण्याखाली गेली. त्या रात्रीचा हिशेब कोणत्याही सरासरीत बसत नाही. तरी म्हणून वह्या पुन्हा सुट्या करायच्या का? सुट्या वह्यांतही गृहीतके असतातच, फक्त ती लिहिलेली नसतात. 65 मिलिमीटर हे गृहीतक आहे. 50 पैसे हे गृहीतक आहे. प्रतिमान निदान ती समोर मांडते आणि भांडायला जागा देते.

आणि भांडून तपासायला आपल्याकडे एक दुर्मीळ सोय आहे. इस्लापूरवरून जाणारी रेल्वे थोड्याच वेळात राज्याची सीमा ओलांडते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच मोसमी पाऊस, तशीच माती, तोच कापूस. धोरण मात्र वेगळे. तेलंगणाने 2018 च्या सुरुवातीपासून शेतीला चोवीस तास मोफत वीज दिली आणि त्याच वर्षी रयतु बंधू योजनेतून हंगामाला एकरी 4,000 रुपये थेट द्यायला सुरुवात केली. तेव्हा धर्माबादसारख्या नांदेडच्या सीमावर्ती भागातल्या गावांनी आम्हालाही तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. राजकारण्यांनी तिचा आपापल्या परीने वापर केला. अभ्यासकाने तिच्यात एक प्रयोग पाहायला हवा होता: निसर्ग सारखा ठेवून धोरण बदलले तर पीक, कर्ज, भूजल आणि स्थलांतर यांचे काय होते? असा प्रयोग प्रयोगशाळेत कोणी मांडू शकत नाही. आदिलाबाद आणि किनवट यांची गेल्या वीस वर्षांची विहिरींची पातळी, कापसाचा पेरा आणि वीजवापर शेजारी शेजारी ठेवून पाहणारा एक चांगला प्रबंध निघाला तर आयात केलेल्या दहा प्रतिमानांपेक्षा तो मला मोलाचा वाटेल.

विषयात येऊ इच्छिणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. कोणतेही प्रतिमान हाती आले की निकालाचे आलेख नंतर पाहा. आधी मागच्या पानांवरचा गृहीतकांचा तक्ता वाचा आणि वटावाचा दर, मातीची खोली, पाण्याची किंमत या तीन जागी बोट ठेवा. दुसरी विनंती गणिताशी संबंध नसलेल्यांना आहे. महावेध प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली, पण त्यांच्या नोंदी अलीकडच्या काळातल्या आहेत. त्याआधीची माहिती शाळामास्तरांच्या, पोलीस पाटलांच्या, अडत दुकानांच्या आणि काही नेमस्त शेतकऱ्यांच्या वह्यांत आहे: पेरणी कधी झाली, विहीर कितव्या परसावर होती, कापूस काय भावाने गेला. अशी वही तुमच्या घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात कोणी विद्यार्थी या विषयावर काम करत असेल, तर त्याला ती उतरवून घेऊ द्या.